मुलांना ‘डेटा’ शिकवायचा आहे? सोलापुरातल्या शिक्षकांसाठी पायरीपायरीनं

‘सायबर सुरक्षेवर एक तास घ्या’ असं मुख्याध्यापकांनी सांगितलं, की आपल्यापैकी बहुतेक जण नेटवरून एखादी पीपीटी शोधतात. त्यात तोंड झाकलेला हॅकर असतो, काळ्या पडद्यावर हिरवे आकडे असतात आणि शेवटी ‘पासवर्ड कुणाला सांगू नका’ असतं. मुलं मान डोलावतात. संध्याकाळी त्यातलंच एखादं पोर आजीच्या मोबाईलवर आलेला ओटीपी फोनवरच्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवतं, कारण घरात इंग्रजी आकडे भराभर वाचणारं तेवढं एकच असतं.

बाहेरून आलेलं बहुतेक साहित्य मुलाला फक्त डेटाचा मालक धरतं. आपल्याकडे, विशेषतः शहराच्या पूर्व भागात, आठवी-नववीतलं पोर अख्ख्या घराचा डेटा सांभाळत असतं. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर, घरात बोलणं तेलुगूत आणि फॉर्म मराठीत नाहीतर इंग्रजीत. मग ई-सेवा केंद्रात रांगेला उभं राहायला, आधार अपलोड करायला, रेशनची केवायसी झाली का बघायला तेच जातं. म्हणून माझा आग्रह असा, की ‘तुझा डेटा जप’ इथून सुरुवात करू नका. ‘घरच्यांचे कागद तुझ्या हातात आहेत’ इथून करा. मुलं लगेच सरळ बसतात.

खालचा क्रम आठवी ते दहावीसाठी आहे. चार तास आणि एक पालकसभा एवढ्यात बसतो.

१. आधी शाळेचंच घर तपासा

वर्गात जाण्याआधी हे करा, कारण मुलं तुमच्यापेक्षा लवकर बोट ठेवतात.

- नोटीस बोर्डावर शिष्यवृत्तीची यादी लागलीय का? तिच्यात बँक खात्याचा किंवा आधारचा क्रमांक दिसतो का? नाव आणि वर्ग पुरेसा असतो.
- स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विद्यार्थ्यांची एक्सेल फिरतेय का? यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलवर विद्यार्थ्यांची माहिती भरायच्या कामात ही फाईल दहा फोनवर जाऊन बसते आणि कुणीच ती काढत नाही.
- ‘अपार’ या विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकासाठी पालकांकडून भरून घेतलेली संमतीपत्रं कुठं आहेत? कपाटात कुलपात, की टेबलावर उघडी?
- ऑफिसातल्या संगणकाचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलाय का? हसू नका, बघून या.

सगळं एका दिवसात सुधारणार नाही. पण यादी तरी उतरवा. माझ्या मते शाळेनं आपली एक चूक मुलांसमोर दुरुस्त केली, तर पहिला निम्मा धडा तिथंच झाला.

२. परवानगी आणि सामान

कागद:

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, तासांचे विषय लिहून.
- पालकांना एक चिठ्ठी. ‘मुलांचे फोन तपासले जाणार नाहीत, कुणाचीही खरी माहिती घेतली जाणार नाही’ हे वाक्य तिच्यात हवंच. शाळेच्या वस्तीप्रमाणे तेलुगू, कन्नड किंवा उर्दूतही काढा. वर्गातली मुलंच भाषांतर करून देतात आणि त्यात शिकतातही.
- शिष्यवृत्तीच्या अर्जाची कोरी प्रत आणि कुठल्या तरी लकी ड्रॉचं कोरं कूपन. दोन्हीच्या मुलांइतक्या झेरॉक्स.

वस्तू:

- एक जुना अँड्रॉइड फोन, पूर्ण रिसेट केलेला. त्यावर या तासांपुरतं तुम्ही स्वतः काढलेलं गुगल खातं. तुमचा रोजचा फोन प्रोजेक्टरला कधीच जोडू नका. मध्येच बँकेचा मेसेज वर येतो.
- मोठ्या आकारात छापलेले स्क्रीनशॉट. लाईट गेली तरी तास थांबत नाही. उन्हाळ्यात सकाळची शाळा असेल तर प्रोजेक्टरचा नाद सोडाच.
- कार्डशीट, स्केचपेन.

एक नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा आणि स्वतः पाळा: वर्गात कुणाचाही खरा आधार क्रमांक, पासवर्ड, जन्मतारीख, फोन नंबर लिहायचा किंवा बोलायचा नाही. सराव करायला खोटी नावं. ‘तुमचा पासवर्ड किती मजबूत आहे बघू’ असं म्हणून पासवर्ड कागदावर लिहून घेणारे उत्साही वक्ते असतात. त्यांना बोलावू नका.

दुसरी काळजी अशी, की ‘कुणाकुणाकडे स्वतःचा मोबाईल आहे, हात वर करा’ असं विचारू नका. ज्याच्याकडे नाही तो तासभर मान खाली घालून बसतो. ‘घरातल्या फोनवर’ असं म्हणा. ते खरंही असतं.

३. पहिला तास: कुठं कुठं गोळा होतो

मुलांना कालचा दिवस आठवायला लावा. उठल्यापासून झोपेपर्यंत तुमची काहीतरी नोंद कुठं कुठं झाली? सुरुवातीला ‘इन्स्टा’ आणि ‘यूट्यूब’ एवढंच येतं. थोडं थांबा. मग शाळेची हजेरी येते, रेशन दुकानातल्या मशिनवर आईचा अंगठा, क्लासची फी पावती, चौकातला कॅमेरा, रिचार्जच्या दुकानातली वही. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत स्टॉलवर ‘कूपन भरा, मिक्सर जिंका’ म्हणून लिहून दिलेलं नाव आणि नंबर कुणीतरी सांगतंच.

आता फळ्याचे तीन भाग करा.

पहिला, आपण हातानं दिलेला डेटा: फॉर्म, फोटो, स्टेटस. दुसरा, न विचारता गोळा झालेला: फोन कुठं होता, ॲप किती वेळ उघडं होतं, कुठल्या व्हिडिओवर बोट थांबलं. तिसरा, या दोन्हींवरून काढलेला अंदाज: ही मुलगी दहावीत असावी, या घरात लग्न ठरलंय, या माणसाला पैशांची नड आहे. पहिला भाग मुलं पटापट भरतात. दुसऱ्याला जुना फोन दाखवा. अँड्रॉइड १२ पासून पुढच्या फोनमध्ये सेटिंगमधल्या प्रायव्हसी डॅशबोर्डवर दिवसभरात कुठल्या ॲपनं लोकेशन, कॅमेरा, माईक वापरला हे वेळेसकट दिसतं. माईक किंवा कॅमेरा चालू असताना कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो. तिसरा भाग मात्र रिकामा ठेवा. तो पुढच्या एका तासाचा विषय आहे.

इथं एक प्रश्न येणार म्हणजे येणारच. ‘बाई, आमच्याकडं हाय काय ओ, चोरून काय नेणार?’ याला ‘असं नसतं बाळा’ म्हणून टाळू नका. गरिबाच्या खात्यातले पैसे चोरण्यापेक्षा गरिबाचं नावच जास्त कामाला येतं. त्याच्या आधारवर सिम निघतं. त्याच्या नावाचं खातं फसवणुकीचे पैसे फिरवायला वापरलं जातं आणि पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम घेता येतात. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकून आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते बघता येतं आणि आपला नसलेला नंबर तिथंच कळवता येतो. हा गृहपाठ म्हणून द्या, मोठ्या माणसाला शेजारी बसवून.

४. दुसरा तास: कोऱ्या फॉर्मचा खेळ

माझ्या लेखी हाच सगळ्यात महत्त्वाचा तास. वेळ कमी असेल तर बाकीचं गाळा, हे गाळू नका.

मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला शिष्यवृत्तीचा कोरा अर्ज आणि लकी ड्रॉचं कूपन द्या. प्रत्येक रकान्यासमोर तीन गोष्टी लिहायला सांगा: ही माहिती कशासाठी लागते, ती कोण कोण वाचणार, आणि काम झाल्यावर तिचं काय होणार.

विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती मिळते. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. त्यात उत्पन्न विचारतात, बँक खातं विचारतात. मुलांना त्याचं कारण सापडतं, कारण पैसे खात्यात यायचे असतात आणि पात्रता ठरवायची असते. मग कूपन हातात घ्या. मिक्सर द्यायला जन्मतारीख कशाला हवी? घरात किती माणसं कमावतात हे कशाला हवं? तीच जन्मतारीख एका कागदावर रास्त आणि दुसऱ्यावर आगाऊ, हे मुलं स्वतः शोधून काढतात. ‘माहिती कुणालाच देऊ नका’ हा उपदेश इथं आपोआप गळून पडतो. तो गळायलाच हवा, कारण माहिती न देता यांच्या घरात एकही योजना येणार नाही.

उरलेल्या वेळात ई-सेवा केंद्राचा किंवा सायबर कॅफेचा प्रसंग करून दाखवायला लावा. एक जण केंद्रचालक, एक जण आई, एक जण मुलगा. मुलाला जमली पाहिजेत ती कामं अशी:

- फाईल व्हॉट्सॲपवर पाठवण्याऐवजी शक्यतो पेनड्राइव्हवर न्यायची. व्हॉट्सॲप वेब उघडलंच तर उठण्यापूर्वी फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन लॉगआउट करायचं.
- काम झाल्यावर ‘काका, डाउनलोडमधून आमचं काढा, रिसायकल बिनमधूनही’ असं सांगायचं. हे वाक्य मोठ्यानं म्हणायचा सराव घ्या. लाजेनं अडतं ते इथंच.
- बिघडलेली झेरॉक्स तिथं टाकायची नाही. घरी आणून फाडायची.
- झेरॉक्सवर आडवी रेघ मारून ‘फक्त अमुक अर्जासाठी’ असं लिहून तारीख आणि सही करायची.
- आधार द्यायचाच असेल आणि चालत असेल तिथं मास्क्ड आधार द्यायचा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतो.

एक बारकावा केंद्रचालकांनाही बहुधा खटकत नाही. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. नाव तर सगळ्यांना ठाऊकच असतं. वर्ष वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून कळतं, आणि सोलापुरात फ्लेक्स न लागलेला वाढदिवस दाखवा. म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर राहिलेली ही फाईल उघडीच समजा.

५. तिसरा तास: गोळा झालेल्याचं पुढं काय होतं

आदल्या रात्री चिठ्ठ्या तयार करा. सगळ्या एकाच फोनवरच्या आहेत असं सांगून एकेक वाचा:

‘पहाटे साडेपाचला फोन हातात. गुडघेदुखीवर घरगुती उपाय शोधला. दुपारी लोकेशन विडी कारखान्यापाशी. मेहंदीचे व्हिडिओ चाळीस मिनिटं. नववी बीजगणित सरावसंच शोधला. लगेच कर्ज, या जाहिरातीवर बोट.’

हा माणूस कोण आणि याला कुठली जाहिरात दाखवाल, असं गटांना विचारा. उत्तरं रंगतात. कुणी पन्नाशीची बाई म्हणतं, कुणी लग्नघर. मग सांगा: आजी, आई आणि नववीतली मुलगी असा तिघींचा एकच फोन आहे. यंत्रानं तिघींना मिळून एकच माणूस बनवला आणि कर्जाची जाहिरात रात्री अभ्यास करणाऱ्या मुलीपुढं आली. फळ्यावरचा रिकामा तिसरा भाग आता भरा. अंदाज चुकू शकतो आणि चुकीचा अंदाजही तितकाच कामाला लावला जातो, हे मुलांना इथं कळतं. व्याख्यानातून ते कळत नाही.

दोन गैरसमज इथंच काढा. मोठ्या जाहिरात कंपन्या तुमचं नाव लिहिलेली वही दुकानदाराला विकतात असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात ‘अमुक वयाची, अमुक भागातली, अमुक आवडीची माणसं’ असा गट निवडून त्यांच्यासमोर जाहिरात दाखवण्याची जागा विकली जाते. दुसरा म्हणजे ‘फोन आपलं बोलणं ऐकतो’. माईकची परवानगी कुणाला दिलीय ते जरूर तपासा, पण शोध, लोकेशन आणि कुणाच्या संपर्कात आहात यावरूनच एवढं कळतं, की ऐकायची गरजच पडत नाही.

कर्जाच्या ॲपवर जरा जास्त बोला. अशी ॲप पूर्वी सगळे कॉन्टॅक्ट आणि गॅलरी मागायची, आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन, बदललेले फोटो सुरू व्हायचे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये नियम काढून कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट, कॉल लॉग आणि फाईल बघायला मनाई केली. जे ॲप आजही मागतं ते नियमात नाही. मोठ्यांना हे घरी जाऊन सांगणारं पोरच असतं.

डेटाचा चांगला उपयोगही सांगा. नकाशावर रस्ता लाल दिसतो तो तिथल्या फोनच्या वेगावरून. पोषण आहाराचा तांदूळ येतो तो पटसंख्येवरून. दहा मिनिटं पुरतात.

६. चौथा तास: जपायचं कसं

हा तास सगळ्यांना येतो, म्हणून घाई करतो आपण. फक्त जुन्या फोनवर करून दाखवा आणि मुलांना हातानं करू द्या.

पासवर्ड: एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडायला सांगा. ‘चादर, पाणीपुरी, भूगोल, उंट’ असे. गंमत म्हणून खराब पासवर्डची यादी करायला लावा. गाडीचा एमएच १३ आणि सिद्धेश्वरांचं नाव प्रत्येक वर्गात पहिल्या पाचात येतं. देवावर श्रद्धा असू द्या, पासवर्ड वेगळा असू द्या.

व्हॉट्सॲपची टू-स्टेप पडताळणी, म्हणजे सहा आकडी पिन, करून दाखवा. ॲपच्या परवानग्या बघताना एकच प्रश्न पुरे: टॉर्चला कॉन्टॅक्ट कशाला? प्ले स्टोअरवर ‘डेटा सेफ्टी’ असा भाग असतो, पण तो ॲप बनवणाऱ्यानं स्वतःच भरलेला असतो हेही सांगा.

फोटोत काढलेल्या जागेची आणि वेळेची नोंद दडलेली असू शकते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती नोंद निघून जाते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर राहते. दहावीच्या मुलांना हॉलतिकीट स्टेटसला ठेवायची हौस असते. बोर्डाचा ऑनलाइन निकाल बैठक क्रमांक आणि आईच्या नावावर दिसतो. दोन्ही त्या फोटोत आहेत. म्हणजे तुमचे गणिताचे मार्क तुमच्याआधी शेजाऱ्याला.

सापळा: आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं आणि ते चांगलंच आहे. पण लॉक केलेलं असताना रेशन दुकानात अंगठा लागत नाही. मुलानं उत्साहानं आईचं लॉक केलं आणि महिन्याचं धान्य अडलं, असं होऊ शकतं. लॉक शिकवायचं तर तात्पुरतं उघडणंही त्याच तासात शिकवा, नाहीतर विषयच काढू नका.

दुसऱ्याचा फोटो टाकण्याआधी त्याला विचारायचं, हा नियम बहिणीला, मैत्रिणीला आणि भांडणातल्या मित्रालाही लागू. यावर वर्गात वाद होऊ द्या.

७. कायदा, पंधरा मिनिटांत

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. ते टप्प्याटप्प्यानं लागू होतात, आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्यांना तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे.

मुलांना एवढं सांगा: या कायद्यात १८ वर्षांखालचं कुणीही मूलच. त्यांचा डेटा वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवायला मनाई आहे. आपला कुठला डेटा आहे ते विचारायचा, दुरुस्त करून घ्यायचा आणि काढून टाकायला सांगायचा हक्क आहे. डेटा नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आकडा ऐकून वर्गात शिट्टी वाजते, वाजू द्या.

८. काही बिघडलंच तर

या तासांनंतर एखादं मूल हमखास मागं रेंगाळतं. दप्तर आवरायला त्याला फार वेळ लागतो. घरी जायची घाई करू नका आणि पहिलं वाक्य ‘तू कशाला उघडलंस?’ हे नको.

- पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन आणि बँकेला कळवणं. तक्रार ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या पोर्टलवरही होते. जितका उशीर, तितके पैसे पुढं सरकतात.
- मेसेज, नंबर, लिंक डिलीट करू देऊ नका. स्क्रीनशॉट ठेवा.
- मूल अडचणीत असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास.
- लैंगिक स्वरूपाचा फोटो किंवा धमकी असेल तर ‘पुरावा’ म्हणून तो स्वतःच्या फोनवर घेऊ नका, ग्रुपवर तर नाहीच. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानं अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून आत मिटवणं हाच गुन्हा ठरतो. मुख्याध्यापकांना हे तास सुरू होण्याआधीच सांगून ठेवा.

९. पालकसभा

वेळ पालकांना विचारून ठरवा. विड्या जमा करायला जाण्याची वेळ आणि यंत्रमागाची पाळी सांभाळली नाही तर सभेला तुम्ही आणि शिपाईमामा एवढेच. भाषण करू नका. मुलांनाच ई-सेवा केंद्राचा प्रसंग करू द्या, ज्या घरात जी भाषा चालते त्या भाषेत. आयांना सांगायची गोष्ट एकच: पोराला ओटीपी वाचायला देताना आधी पूर्ण मेसेज वाचून घ्यायला लावा, नुसते आकडे नकोत. कशासाठी आलाय ते त्याच मेसेजात लिहिलेलं असतं. आणि पोरानं ‘थांब, आधी विचारतो’ म्हटलं तर त्याला आगाऊ म्हणू नका.

चिठ्ठ्या, कोरे अर्ज आणि मुख्याध्यापकांचं परवानगीपत्र एका फाईलला लावून पुढच्या वर्गशिक्षकांकडे द्या. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर चुकून खरी नावं-नंबर आले असतील तर त्या फायलीत न ठेवता फाडा.